छोट्या बागांना माणसं जूनमध्ये नकोत, उन्हाळ्यात हवीत

जून लागला की आपल्या कोल्हापुरात वृक्षारोपणाचा धडाका सुरू होतो. तालमी, मंडळं, शाळा, पतसंस्था, सगळेच खड्डे खणतात. पावसाच्या पाण्यावर ऑगस्टपर्यंत रोपं तरारून येतात. फेब्रुवारीत ऊन चढायला लागतं तेव्हा मात्र त्या रोपांकडे बघायला कुणी नसतं आणि मेपर्यंत निम्म्याहून जास्त जाळीच्या पिंजऱ्यांत काटक्या उरतात. म्हणून माझं सरळ मत आहे: गल्लीतल्या बागेसाठी वेळ द्यायचा असेल तर तो फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत द्या. पावसाळ्यात बाग बऱ्यापैकी स्वतःला सांभाळते.

आपल्या शहराला बागांचा वारसा आहे. भाऊसिंगजी रोडवरची टाऊन हॉलची इमारत १८७० च्या दशकातली, चार्ल्स मँट यांनी आखलेली. तिच्या आवारातली जुनी झाडं आजही भर दुपारी गार सावली देतात. पद्माराजे, महावीर, हुतात्मा पार्क ही नावंही सगळ्यांना माहीत आहेत. या मोठ्या बागांबद्दल निदान बोललं तरी जातं. उपनगरांतल्या चार-पाच गुंठ्यांच्या बागांचं तसं नाही. लेआउट मंजूर होताना ०.४ हेक्टरपेक्षा मोठ्या जागेत दहा टक्के खुली जागा सोडावी लागते, त्यातून या बागा निघाल्या. आधी कुंपण, मग दोन बाकडी, मग घसरगुंडी, मग ओपन जिम, आणि शेवटी उरलेल्या मातीवर पेव्हर ब्लॉक. या शेवटच्या पायरीला माझा ठाम विरोध आहे.

टाऊन हॉलची झाडं एवढी का वाढली ते त्यांच्या बुंध्यापाशी उभं राहून बघा. मुळांना मोकळी माती मिळाली. आता कुठल्याही नव्या बागेतलं झाड बघा. खोडाला अगदी चिकटून पेव्हर बसवलेला असतो, त्याखाली कच, त्याखाली मुरूम रोलरने दाबलेला, कुठे तर खाली काँक्रीटचा थरसुद्धा. पावसाचं पाणी गटारात जातं आणि मुळांना हवा मिळत नाही. पाचेक वर्षांत शेंडा वाळायला लागतो, मूळ वर येऊन ब्लॉक उचलतं, आणि मग ‘झाड धोकादायक आहे’ म्हणून अर्ज पडतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी खोडाभोवती एक मीटरचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. आपल्या बागांत हे काम करायला कुठल्या आदेशाची वाट बघायला नको, उद्यान विभागाची लेखी संमती घेतली की पुरे.

ते काढायचं कसं हेही महत्त्वाचं. ब्रेकर लावू नका, त्याने मुळं फाटतात. पहारीने ब्लॉक उचला, काँक्रीट असेल तर छिन्नी-हातोड्याने फोडा आणि खालचा मुरूम खुरप्याने खरवडून काढा. अंगठ्यापेक्षा जाड मूळ दिसलं की तिथे थांबा, ते तोडायचं नाही. मोकळ्या जागेत निम्मी माती आणि निम्मं कुजलेलं खत भरा. खोड जमिनीशी जिथे रुंदावतं ती जागा उघडीच राहिली पाहिजे. हौसेने खोडाला मातीचा ढीग लावतात, तिथे साल कुजते आणि बुरशी शिरते. हे काम पहिल्या वळवानंतर करावं, माती मऊ असते आणि झाडाला पुढे पाणीही मिळतं. त्याच दिवशी जुने लोखंडी पिंजरे बघून घ्या. तीन-चार वर्षांनी पिंजरा निघायला हवा, नाहीतर तार सालीत रुतते आणि वाऱ्यात झाड नेमकं तिथेच मोडतं. रोपाला आधार द्यायचा तर काथ्याची दोरी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा. तार आणि नायलॉन नको.

आता पाणी. रोज तांब्याभर पाणी घालणं हा सगळ्यात मोठा घोटाळा आहे. वरची दोन बोटं माती ओली होते, मुळं वरच राहतात, आणि सुट्टीत चार दिवस खंड पडला की रोप संपलं. त्यापेक्षा चार दिवसांनी एकदा पंधरा ते वीस लिटर घाला. आळं खोडापासून हातभर लांब, कडेला वीतभर उंच बांध. असे दोन उन्हाळे काढले की देशी झाड बहुतेक आपल्या पायावर उभं राहतं.

ठिबक करायची तर आपल्याकडे शेतीतली माणसं घरोघरी आहेत, त्यांना विचारा. सोळा मिलिमीटरची नळी, झाडाला ताशी चार लिटरचे दोन ड्रीपर, दोन तास चालवलं की सोळा लिटर झाले. बोअरच्या क्षारांनी ड्रीपर बुजतात, म्हणून जाळीचा फिल्टर आठवड्याला धुवायचा आणि नळीच्या टोकाची बूच उघडून पाणी जोरात सोडायचं. गवत कापताना नळी कापली जाते ती वेगळीच कटकट, म्हणून झाडाच्या रांगेतलं गवत विळ्यानेच काढा. पिण्याचं पाणी बागेला घालणं मला पटत नाही. कसबा बावड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, तिथलं प्रक्रिया केलेलं पाणी टँकरने बागांना मिळावं ही मागणी मंडळांनी लावून धरली पाहिजे. ते पाणी मुळाशीच सोडायचं, मुलं खेळतात तिथे फवारायचं नाही.

आच्छादनाबाबत कोल्हापूरकरांनी तक्रार करायला जागाच नाही. ऊसतोडीच्या हंगामात पाचट फुकटात मिळतं. आळ्यात चार बोटं जाड थर द्या, खोडापासून वीतभर अंतर सोडून. खोडाला चिकटलं की वाळवी लागते. एक धोका आहे: वाळलेलं पाचट विडी-सिगारेटच्या ठिणगीने पेटतं. म्हणून पसरल्यावर शेणपाण्याचा सडा घाला, ते बसतं आणि कुजायलाही लागतं.

पानगळीचा कचरा पेटवणं तर बंदच व्हायला हवं. घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातलेली आहे, तरी सकाळी धूर दिसतोच. मीटरभर व्यासाचा, चार फूट उंच जाळीचा पिंजरा कोपऱ्यात उभा करा. वीतभर पानांचा थर, त्यावर शेणकाला (घमेलंभर ताजं शेण, अर्धा किलो काळा गूळ, वीस लिटर पाणी), पुन्हा पानं, असं वरपर्यंत. ओल किती हवी? मूठ दाबली तर हात ओला व्हावा, पाणी ठिबकू नये. तीन आठवड्यांनी एकदा उलथवा. उन्हाळ्यात ढीग कोरडा पडला की कुजणं थांबतं, पावसात भिजला की आंबूस वास येतो आणि शेजारी भांडायला येतात, म्हणून जूनच्या आधी ताडपत्री. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं लवकर कुजतात, आंब्या-फणसाची चिवट पानं आधी पायाखाली चुरडून घ्या. गणपतीतलं निर्माल्य इथेच जिरतं, फक्त दोरे, प्लॅस्टिक आणि जरीचे हार हाताने वेगळे करावे लागतात. या कामाला चार माणसं बसवा, एकट्याने होत नाही.

झाडं निवडताना जागा बघा. बहावा, ताम्हण, बकुळ, कांचन, सीता-अशोक छोट्या बागेत शोभतात आणि बेताने वाढतात. वड-पिंपळ भिंतीजवळ नकोत. गुलमोहर आणि स्पॅथोडिया वळवाच्या वाऱ्यात फांद्या टाकतात, खाली मुलं खेळत असतील तर मी लावणार नाही. फांदी छाटायची असेल तरी महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे आधी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करा. परवानगी आली की तीन काप: पहिला खोडापासून हातभर लांब, खालून, दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून, म्हणजे फांदीचं वजन साल सोलत न जाता उतरतं, आणि तिसरा खोडालगतच्या फुगीर कड्याच्या बाहेरून. जखमेवर डांबर किंवा सिमेंट फासू नका, झाड ती स्वतः भरून काढतं.

झोपाळ्याखाली फूटभर वाळू हवी आणि ती महिन्याला दाताळ्याने उकरावी, नाहीतर दाबून दगड होते. साखळीची कडी झिजून बारीक झाली की बदला, वेल्डिंग करून वेळ मारू नका.

नागाळा पार्क, शाहूपुरीचा सखल भाग, दुधाळी इथल्या लोकांनी पुराचाही विचार करायला हवा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे, २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. पूर ओसरला की बागेत चार-सहा बोटं गाळ बसतो, वरून खताळ दिसतो म्हणून लोक तसाच ठेवतात. वाळला की त्याचा पापुद्रा घट्ट बसतो आणि मुळं गुदमरतात. माती पायाला चिकटायची थांबली की फावड्याने गाळ काढा, ओल्या रानात चालून ती आणखी दाबू नका. विजेची पेटी पूररेषेच्या वर घ्या. खेळणी धुऊन, बोल्ट बघूनच मुलांना सोडा.

शेवटचा मुद्दा माणसांचा. गल्लीतल्या लोकांनी रविवारी दोन तास दिले म्हणून महापालिकेने माळ्याची जागा रिकामी ठेवावी हे मला अजिबात मान्य नाही. रोजचं पाणी, गवत, झाडलोट हे पगारी माणसाचं काम आहे आणि त्याला वेळेवर पगार मिळालाच पाहिजे. आपण आळी, आच्छादन, खत, पाहणी ही जास्तीची कामं घ्यावीत. उद्यान विभागाला पत्र देताना चार गोष्टी लेखी घ्या: नळजोडणी आणि पाण्याचं बिल कुणाचं, गेटची किल्ली कुणाकडे, अवजारं कुठे ठेवायची, आणि मंडळाला विचारल्याशिवाय नवं बांधकाम होणार नाही. त्याआधी नगररचना विभागातून मंजूर लेआउटची प्रत काढून बघा की ती जागा खुली जागा म्हणून दाखवलेली आहे की विकास आराखड्यातलं आरक्षण आहे. आरक्षण असेल आणि दहा वर्षांत संपादन झालेलं नसेल, तर मालक महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या चोवीस महिन्यांत महापालिकेने हालचाल केली नाही तर आरक्षण जातं. अशा जागेवर झाडं लावण्याआधी संपादनासाठी निवेदन द्या, त्याची पोच घ्या आणि दर सहा महिन्यांनी पाठपुरावा करा.