आधी कोळीवाड्याचा नकाशा काढा

वरळीच्या कोळ्यांनी सागरी किनारा मार्गाच्या खांबांमधलं अंतर वाढवून मागितलं, तेव्हा इथल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या, मराठी मंडळींतही सूर निघाला, की चार बोटींसाठी एवढा प्रकल्प कशाला अडवायचा? खवळलेल्या समुद्रात बोटी खांबांवर आदळतील, एवढंच कोळी सांगत होते. आधी अंतर ६० मीटर ठरलं होतं. बऱ्याच झगड्यानंतर पालिका १२० मीटरला तयार झाली. तो 'चार बोटींसाठी' मला आजही खुपतो, कारण मी ज्या शहरात राहतो, तिथल्या किनाऱ्यावर अशाच हिशेबाचा शेवट काय झाला ते रोज दिसतं.

अॅडलेडहून ट्रॅम पकडली की ती ग्लेनेलगच्या मोझली चौकात, अगदी वाळूच्या तोंडाशी सोडते. चौकात १९३६ साली, दक्षिण ऑस्ट्रेलिया या ब्रिटिश वसाहतीच्या शताब्दीला उभारलेला स्तंभ आहे, त्याच्या माथ्यावर जहाज. बहुतेक लोक तिथूनच पाण्याकडे वळतात. थोडं उत्तरेला, वस्तीच्या आत गेलं की एक जुना निलगिरी लागतो. झाड कधीच मेलंय. खोड कमानीसारखं वाकून जमिनीला टेकलेलं, आता जपून ठेवलेलं. २८ डिसेंबर १८३६ रोजी 'बफेलो' जहाजातून उतरलेल्या गव्हर्नर हाइंडमार्श यांचा जाहीरनामा याच झाडापाशी वाचला गेला, असं परंपरा सांगते. दरवर्षी त्या तारखेला तिथे समारंभ होतो आणि तो मजकूर पुन्हा वाचतात.

मजकूर चांगला आहे, हेच त्यातलं दुःख. मूळ रहिवाशांना इतर प्रजेइतकंच संरक्षण मिळेल, त्यांच्यावर अन्याय करणाऱ्याला कडक शिक्षा होईल, असं त्यात म्हटलंय. त्याच वर्षी फेब्रुवारीत निघालेल्या राजाच्या सनदेत तर याहून मोठी गोष्ट होती: मूळ रहिवासी प्रत्यक्ष वहिवाटत असलेल्या जमिनींवरचा त्यांचा आणि त्यांच्या वंशजांचा हक्क अबाधित राहील. पण त्या जमिनी कोणत्या, हे कुणी मोजलं नाही. मोजणी झाली ती विकायच्या भूखंडांची. या मैदानी प्रदेशातल्या गार्ना लोकांनी सन २००० मध्ये कोर्टात दावा लावला आणि २०१८ मध्ये त्यांचा हक्क मान्य झाला, तोही मोजक्या तुकड्यांवर. बाकीच्या जमिनीवर केव्हाच घरं, रस्ते, हॉटेलं उभी राहिली होती.

आज ग्लेनेलगचं पथाविल्यांगा हे गार्ना नाव सन्मानाने वापरलं जातं. दक्षिणेला किंग्स्टन पार्कला झरा आहे. भाच्याचं शव खांद्यावर घेऊन किनाऱ्याने चाललेल्या जिलब्रुकीचे अश्रू जिथे पडले तिथे झरे फुटले, अशी गार्ना कथा. त्यातलाच हा एक. या जपणुकीचं मला मनापासून कौतुक आहे. मुलांना मी तिथे मुद्दाम नेतो. पण ही आठवण जपताना आता कुणाचा रस्ता वळवावा लागत नाही, कुणाचा टॉवर अडत नाही.

आपल्याकडे नावांवरून केवढी रणं पेटतात! एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं, मला बरंच वाटलं. गावदेवीचं नाव स्टेशनाला मिळालंच पाहिजे. पण मुंबईत अजून माणसंही आहेत. वर्सोव्याला वलांडीवर, म्हणजे मासळी सुकवायच्या मांडवावर, बोंबील सुकतात, खारदांड्याला जाळी शिवली जातात. आणि या कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षं रेंगाळतोय. कोळीवाड्याची हद्द म्हणजे फक्त घरं, की मासळी सुकवायची जागा, बोटी ओढायची वाळू आणि जाळी पसरायचं अंगणही? कोळी म्हणतात, हे सगळं. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. घर ठेवलं आणि वाळू काढून घेतली, तर कोळ्याने धंदा करायचा कुठे?

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर उत्तरेकडे आणखी पूल आणि रस्ते येताहेत. माझा त्यांना विरोध नाही. सुट्टीत आल्यावर मीही त्यावरून जाणार. पण आखणी करणाऱ्यांनी खांबांच्या जागा ठरवण्याआधी नाखव्यांना सोबत घेऊन भरती-ओहोटीच्या वेळी बोटीतून तो पट्टा बघावा, आणि वलांडीसकट कोळीवाड्याची हद्द विकास आराखड्यावर चढवावी. वरळीत हे भांडून, काम सुरू झाल्यावर करावं लागलं. वर्सोव्यात ते आधी करता येईल.