आजचा आकडा काय?

सकाळी पावणेनऊला फोन वाजला की मी नाव न बघताच सांगतो, "अजून रिफ्रेश व्हायचाय, साहेब." कधीतरी पलीकडे बायको असते. तीही आता सवयीने "बरं, झाला की दूध घेऊन या" म्हणते आणि फोन ठेवते.

भोसरीतल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत मी पॉवर बीआय नावाच्या सॉफ्टवेअरवरचे रिपोर्ट सांभाळतो. हुद्दा 'बीआय अ‍ॅडमिन' असा भारदस्त आहे, पण तो आईला तोंडपाठ होत नाही. ती सोसायटीत सांगते, "तो आकड्यांचं काम बघतो." त्यावर तळमजल्यावरच्या काकांनी एकदा मला जिन्यात गाठून दबक्या आवाजात विचारलं, "कल्याण की मेन?"

"नाही हो काका, पॉवर बीआय."

मटक्याचं हे नवं मार्केट कधी सुरू झालं आणि ओपन किती वाजता येतो, हेही त्यांनी विचारलं. खरं सांगायचं तर माझं काम काकांना ऑफिसातल्यांपेक्षा लवकर कळलं. आमच्याकडेही माणसं ठरल्या वेळी आकड्याची वाट बघत बसतात. मनातला आला तर चहा मागवतात, नाही आला तर सांगणाऱ्याची गचांडी धरतात.

आता हा आकडा ताजा ठेवायचा म्हणजे रिफ्रेश लावायचा, डेटाबेसमधले नवे आकडे रिपोर्टमध्ये ओढायचे. आमच्या प्रो लायसनवर एका डेटासेटला, म्हणजे रिपोर्टमागच्या आकड्यांच्या साठ्याला, दिवसातून ८ वेळा तो लावता येतो. त्या आठ वेळांची वाटणी मी मे महिन्यातल्या टँकरसारखी करतो. विक्रीवाल्यांना नऊच्या मीटिंगआधी हवा, डिस्पॅचला गाड्या सुटायच्या वेळी हवा, स्टोअर्सला 'जेव्हा म्हणू तेव्हा' हवा. अकाउंट्सच्या बाईंना मात्र महिनाअखेरीला नकोच असतो. "आमचं टॅली करायचं चाललेलं असताना तुमचे आकडे हलवू नका हो." आकडे मी हलवतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

बाई रिपोर्ट पडद्यावर बघत नाहीत. प्रिंट काढतात, डावं बोट ओळीवर ठेवतात आणि उजव्या हाताने कॅल्क्युलेटरवर बेरीज मारतात. एकदा तीन पानं झाल्यावर मान वर करून म्हणाल्या, "एक रुपया जास्त लागतोय." वरच्या ओळी पूर्ण रुपयांत दिसतात पण बेरीज मूळ पैशांसकट होते, हे मी कागदावर आकृती काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "ते खरं असेल. पण रुपया कुठे गेला?" त्या रुपयात माझी अर्धी शिफ्ट गेली.

आणि 'विक्री' या शब्दाचं तर विचारूच नका. विक्रीवाले ऑर्डर आली की विक्री मानतात, तीही जीएसटीसकट. डिस्पॅचला गाडी गेटबाहेर पडल्याशिवाय मान्य नाही. बाई बिल झाल्यावर, कर आणि क्रेडिट नोट वजा करून जे उरेल त्याला विक्री म्हणतात. त्यामुळे आढावा बैठकीत एका महिन्याचे तीन आकडे टेबलावर येतात आणि तिघांचं एकमत एकाच मुद्द्यावर होतं: रिपोर्ट चुकतोय.

कधी कधी तो चुकतोही, नाही असं नाही. पहिल्या वर्षी १ जानेवारीला एमडी साहेबांना वर्षाची विक्री चक्क शून्य दिसली. वर्षाची बेरीज करणारं जे सूत्र असतं, ते आपण काही सांगितलं नाही तर ३१ डिसेंबरला वर्ष संपवून मोकळं होतं. आपलं ३१ मार्चला संपतं हे त्याच्या कानात सांगावं लागतं. मी सांगायला विसरलो होतो. नऊ महिन्यांचा धंदा एका रात्रीत गेलेला बघून साहेब फोनवर काही बोलले नाहीत, नुसते श्वास घेत होते. ते दुरुस्त करून दिलं, तर दुसऱ्या दिवशी विचारतात, "आपण मिलियनमध्ये धंदा कधीपासून करायला लागलो?" लाख-कोटी मग वेगळे लिहून घातले.

तिसऱ्या पाळीच्या सुपरवायझरची तक्रार अशी, की रात्री दोनला 'आजचं उत्पादन' उघडलं की कालचं दिसतं. त्या रिपोर्टमधला 'आज' क्लाउडच्या घड्याळावर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतो आणि आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. मी म्हटलं, "दादा, पंचांगात तरी काय वेगळं आहे? आपला वारही सूर्योदयालाच बदलतो." त्यांना ते पटलं. सूत्रात साडेपाच तास मिळवायचं काम माझ्या यादीत अजून आहे.

पण खरा प्रसंग गणपतीतला.

आमचा डेटाबेस ऑफिसातल्या सर्व्हरवर आणि रिपोर्ट क्लाउडवर. मध्ये आकडे पोचवणारा एक गडी लागतो, त्याला गेटवे म्हणतात. तो चोवीस तास चालू असलेल्या मशीनवर बसवायचा असतो. तसं मशीन मागितलं, तर परचेसने तीन कोटेशनं मागितली. तोवर 'तात्पुरता' म्हणून तो एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर बसवला. त्या तात्पुरत्याला दोन वर्षं झाली.

सहकारी पडला कोकणातला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी निघताना त्याच्या साहेबांनी प्रेमाने सांगितलं, "लॅपटॉप असू दे बरोबर, लागलं तर बघशील." त्याने तो सॅकमध्ये घातला आणि आमची सगळी विक्री एसटीने गावाला गेली. तिथे पाच दिवस ती माळ्यावर नारळांशेजारी होती. रिफ्रेश फसल्याचे मेल जात होते, पण तेही त्यालाच, आणि त्याच्या वाडीत रेंज यायला सड्यावर जावं लागतं.

इकडे महिन्याची विक्री २ कोटी ३७ लाखांवर गोठून बसली. पाच दिवस. एकाही माणसाला कळलं नाही, आणि त्या एकात मीही आलो. मला त्या आठवड्यात रिपोर्टबद्दल एकच फोन आला होता: "तो निळा बार गणपतीपुरता भगवा करता येईल का?" विक्रीच्या साहेबांनी तर ती सरळ रेषा मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवून सांगितलं, "बाजार थंड आहे, पण आपली विक्री कुठे घसरली नाही बघा." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

गौरी-गणपती पोचवून सहकारी परतला. लॅपटॉप चालू केला, धुपाचा वास आला, पण आकडा हलेना. सलग चार वेळा रिफ्रेश फसला की वेळापत्रक आपोआप बंद होतं आणि हाताने परत चालू करावं लागतं, हे आठवायला मला दुपार झाली. चालू केलं आणि पाच दिवसांची विक्री एका दमात येऊन आदळली. रेषा उभीच्या उभी वर गेली. दोन मिनिटांत विक्रीचे साहेब माझ्या टेबलाशी हजर, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"बघितलंत? बाप्पा पावला!"

मी पेढा घेतला. आता अशा वेळी माणूस काय बोलणार?

यंदाची कोटेशनं अजून दोनच आली आहेत. काल सहकाऱ्याचा रजेचा अर्ज माझ्याकडे आला. वास्तविक तो माझ्या हाताखाली नाही, पण एचआरने गेल्या वर्षापासून त्या फॉर्मवर माझ्या सहीसाठी एक रकाना वाढवलाय. मी लिहिलं: रजा मंजूर, लॅपटॉप नामंजूर.