फोटोवरून नाव दिलेली माशी ‘खोटी’ ठरत नाही

मार्लेइमिया झायलोकोपी ही दक्षिण आफ्रिकेतली एक बी-फ्लाय, म्हणजे मधमाशीसारखी दिसणारी केसाळ माशी. 2015 मध्ये कीटकतज्ज्ञ स्टीफन मार्शल आणि नील इव्हनहुइस यांनी तिचं वर्णन ‘झूकीज’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. टाचणीला टोचून संग्रहालयात ठेवलेला नमुना हाताशी नव्हता, होते ते जिवंत माशीचे फोटो. तेव्हापासून एक दावा फिरतो आहे: नमुना नाही म्हणून नाव अवैध, फोटोतून शरीररचना कळत नाही, तो कदाचित भुंगाच असेल, आणि आता कुणीही मोबाइलवर फोटो काढून नव्या प्रजाती जाहीर करेल. यातला एक आक्षेप अर्धा खरा आहे, म्हणूनच बाकीचे त्याच्या आडून खपून जातात.

भुंग्याची शंका आधी निकालात काढू. ही माशी लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची नक्कल करते आणि तिच्या नावातही त्या भुंग्याच्या जातकुळीचं (जवळच्या प्रजातींच्या गटाचं) नाव आहे. पण नक्कल वरवरची असते. भुंग्याला पंखांच्या दोन जोड्या असतात, माशीला एकच. मागच्या जोडीच्या जागी टोकाला गाठ असलेले दोन बारीक दांडे उरतात, जे उडताना तोल सांभाळतात. भुंग्याच्या मिशा लांब आणि कोपरासारख्या दुमडलेल्या, तर बी-फ्लायच्या आखूड. भुंग्याच्या छाती-पोटामध्ये बारीक कंबर असते, माशीला ती नसते. भुंग्याच्या मादीच्या मागच्या पायांवर परागकण गोळा करायला दाट केस असतात. बी-फ्लाय पिल्लांसाठी पराग साठवत नाही, तिला अशा केसांची गरजच नाही. बॉम्बिलिइडी कुळातल्या या माश्यांच्या ज्ञात अळ्या बहुतेक दुसऱ्या कीटकांवर वाढतात, त्यात एकट्याने घर करणाऱ्या मधमाश्यांची पिल्लंही आली. एवढे फरक ओळखायला चांगला क्लोज-अप पुरतो.

आता ‘नाव अवैध’ हा मुद्दा. प्राण्यांच्या नावांचे नियम आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. सध्याची चौथी आवृत्ती 1999 ची, 2000 च्या 1 जानेवारीपासून लागू. तिच्या 73.1.4 या कलमानुसार एखाद्या प्राण्याचं चित्र होलोटाइप, म्हणजे प्रजातीचं नाव ज्याला बांधलेलं असतं तो मूळ नमुना, म्हणून नेमलं, तर चित्रातला प्राणीच होलोटाइप धरायचा; तो प्राणी आता अस्तित्वात नाही किंवा सापडत नाही, एवढ्यावरून ती नेमणूक रद्द होत नाही. होलोटाइप हा फोटोचा कागद नाही, फोटोत दिसलेली माशी आहे. या वादानंतर 2017 मध्ये ही संहिता सांभाळणाऱ्या आयोगाने कलम 73 ला शिफारशी जोडल्या, शक्य तिथे नमुना जतन करावा असा त्यांचा रोख आहे. बंदी मात्र घातली नाही. ज्यांना हे नाव मान्य नाही त्यांनी ते शास्त्रीय पुराव्याने खोडावं. नियमांचा आधार घेऊन ते पुसता येत नाही.

शरीररचनेचा आक्षेप अर्धा खरा, तो इथे आहे. अनेक माश्यांमध्ये जवळच्या प्रजाती वेगळ्या करायला नराच्या जननेंद्रियांचं विच्छेदन लागतं. ते फोटोत दिसणार नाही, डीएनए तर नाहीच. म्हणून बी-फ्लायच्या विला या जातकुळीत, जिथे एकीसारखी दुसरी दिसते, नुसत्या फोटोवर नवी प्रजाती जाहीर करणं मला बेजबाबदार वाटेल. पण मार्लेइमियाची स्थिती तशी नाही. कीटकतज्ज्ञ हेसी यांनी 1956 मध्ये ही जातकुळी स्थापन केली आणि 2015 पर्यंत तिच्यात दोनच प्रजाती माहीत होत्या, एक दक्षिण आफ्रिकेतली, दुसरी मलेशियातली. तुलना या दोघींशीच होती. शिवाय बी-फ्लायचे केस आणि खवले अतिशय सैल असतात. जाळीत फडफडली की झडतात आणि टाचणीवर कित्येकदा टक्कल पडलेली माशी उरते. जिवंत माशीच्या फोटोत केसांची ठेवण आणि डोळ्यांचे रंग शाबूत असतात, वाळलेल्या नमुन्यात डोळ्यांचे रंग राहत नाहीत. फोटोत काही गोष्टी सुटतात हे खरं, पण नमुन्यातही सुटतात, आणि हे फारसं कुणी बोलत नाही.

‘आता कुणीही नाव देईल’ ही भीती निव्वळ अज्ञानातून आलेली नाही. 2016 मध्ये 493 वर्गीकरणतज्ज्ञांनी एका पत्रावर सह्या करून फोटोवर आधारलेलं वर्गीकरण अपुरं आणि घातक असल्याचं म्हटलं. त्यांचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो. पण सोशल मीडियावरची पोस्ट संहितेत प्रकाशन ठरतच नाही. नाव ग्राह्य होण्यासाठी रीतसर प्रकाशन हवं, इतरांपासून वेगळेपण सांगणारं वर्णन हवं आणि होलोटाइपची स्पष्ट नेमणूक हवी. इव्हनहुइस तर 1999 च्या जगातल्या बी-फ्लायच्या सूचीचे सहलेखक. फोटो बघताना त्यांच्या नजरेमागे त्या सगळ्या कुळाचा अभ्यास होता.

फोटोवरच्या नावाचं पुढे काय होतं, हे टांझानियातल्या किपुंजी माकडावरून कळतं. 2005 मध्ये फोटोतला प्राणी होलोटाइप धरून त्याचं वर्णन झालं. नंतर सापळ्यात मेलेला एक नर अभ्यासाला मिळाला, तपासणीत तो बबून माकडांच्या जवळचा निघाला आणि 2006 मध्ये त्याची जातकुळी बदलून रंग्वेसेबस झाली. ‘किपुंजी’ हे प्रजातीचं नाव टिकलं. या माशीचंही उद्या तसंच होऊ शकेल: नमुना मिळाला तर तो फोटोंशी ताडून पाहतील, विच्छेदन करतील, डीएनए काढतील. नाव नव्याने द्यावं लागणार नाही. होलोटाइपच्या जागी नवा नामधारक नमुनासुद्धा संहिता फक्त ओळखीचा खरा पेच उभा राहिला तरच नेमू देते.