कट्ट वाजला, म्हणून घाबरला

नाशकात जबडा बिघडणं म्हणजे रविवारच्या मिसळीवर गदा. पापड मोडला की कानाजवळचा सांधा, हेच कळेनासं होतं. मग माणूस मोबाइल काढतो, जबड्यामुळे मेंदूचा आजार होतो असं कुठेतरी वाचतो आणि रश्श्याची दुसरी वाटी येईपर्यंत स्वतःला मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) झाल्याचं ठरवून मोकळा होतो. मी म्हणतो, आधी पाव तरी संपवा.

कानापुढे जबड्याचा माथा आणि कवटी यांच्यामध्ये कूर्चेची चकती असते. ती पुढे सरकली की तोंड उघडताना माथा तिच्यावर चढतो आणि कट्ट वाजतं. दुखत नसेल, तोंड अडकत नसेल, तर नुसत्या आवाजाला औषध लागत नाही. एमएसचं प्रकरणच निराळं. त्यात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण आपलीच प्रतिकारशक्ती कुरतडते. जबड्यामुळे एमएस होतो याला आधार नाही आणि दातांत पट्टी बसवून तो बरा होतो यालाही नाही. हे ऐकून काही जण चक्क हिरमुसतात!

धागा जुळतो तो मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नसेपाशी, म्हणजे ट्रायजेमिनलपाशी. चेहऱ्याची संवेदना आणि चावण्याचे स्नायू, दोन्ही खाती तिच्याकडे. एमएसमध्ये मेंदूच्या देठाशी तिचं आवरण गेलं, की ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे या नसेची कळ, होऊ शकतो. (एमएस नसलेल्यांत बहुतेकदा रक्तवाहिनी नसेवर दाबलेली असते.) डिसेंबरात स्कूटरवरून गंगापूर रोडने जाताना गालाला वारं लागलं, तरी विजेचा झटका बसावा तशी कळ, काही सेकंद, फार तर दोन मिनिटं. सांध्याचं दुखणं बोथट, तासन्‌तास रेंगाळणारं, चावताना वाढणारं. रात्री दात खाणाऱ्यांना सकाळी जास्त. हा फरक न कळल्यामुळे कित्येकांच्या धडधाकट दाढा निघतात आणि कळ जागच्या जागी राहते. तिला साध्या वेदनाशामक गोळ्या जुमानत नाहीत, नसेची कळ शमवणारं कार्बामाझेपिन हे औषध लागतं. वय तरुण आणि कळ दोन्ही गालांत, किंवा जोडीला दिसायला अंधुक, पायात बधिरपणा असेल, तर दंतवैद्य नव्हे, न्यूरोलॉजिस्ट आणि एमआरआय.

बाकीच्यांनी हात धुऊन तीन बोटं एकावर एक अशी उभी तोंडात घालून बघावीत. मावली तर तोंड पुरेसं उघडतंय. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे ठेवावेत. पंधरा-वीस मिनिटं ओला गरम शेक. जेवायला मऊ खिचडी. जांभई देताना हनुवटीला हात. दात खाणाऱ्यांना दंतवैद्य ॲक्रिलिकची रात्रपट्टी देतात. ती गरम पाण्यात धुऊ नका, वाकडी होते. आणि आजोबांच्या कवळीशेजारी ठेवणार असाल, तर डबीवर नाव घाला.