वाचनालयाची वर्गणी भरून आल्यावर

काल सार्वजनिक वाचनालयाची या वर्षाची वर्गणी भरली. पावती पर्समध्ये ठेवून गणपत गल्लीतल्या गर्दीतून घरी निघाले, तेव्हा जाणवले की या वाचनालयाने मला आणि माझ्या घराला काय दिले हे मी आजवर कधीच नीट लिहिलेले नाही. आज लिहिते आहे. पोस्ट लांब आहे, पण बेळगावकरांनी ती सवडीने वाचावी अशी विनंती आहे.

आपले हे वाचनालय 1848 साली 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' या नावाने सुरू झाले. रत्नागिरीत 1828 साली, अहमदनगरला 1838 साली आणि नाशिकला 1840 साली वाचनालये निघाली होती. पुण्याचे आणि आपले एकाच वर्षीचे, तर कोल्हापूरचे त्यानंतर दोन वर्षांनी आले. आपले वाचनालय निघाले तेव्हा मुंबई-ठाणे मार्गावर पहिली आगगाडी धावायला पाच वर्षे अवकाश होता. आपले शहर मुंबई इलाख्यात होते तेव्हाही हे वाचनालय होते, 1 नोव्हेंबर 1956 रोजी आपण म्हैसूर राज्यात गेलो तेव्हाही होते, आणि 2014 साली शहराच्या नावाच्या पाट्या बदलल्या तेव्हाही ते आपले काम करीतच होते. इतक्या उलथापालथीत एखादी संस्था टिकते ती पिढ्यान् पिढ्या कोणीतरी वर्गणी भरत राहिल्यामुळे, आणि हे 'कोणीतरी' बहुतेक वेळा अगदी साधी माणसे असतात.

त्यांपैकी एक माझे वडील होते. आम्ही वडगावचे. घरात दोन यंत्रमाग होते आणि आप्पांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले होते. माग चालू असताना घरात एकमेकांशी ओरडूनच बोलावे लागे. दिवसभर त्या खडखडाटात उभे राहिलेले आप्पा आठवड्यातून दोनदा संध्याकाळी हातपाय धुऊन, केसांत अडकलेले सुताचे तंतू झटकून, सायकलवरून वाचनालयात जात. नखांच्या कडेला राहिलेली खळ ते दगडाने घासून काढत. पुस्तकाच्या पानाला डाग लागता कामा नये, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. तिथे पोहोचल्यावर पहिला अर्धा तास ते काहीच वाचत नसत, नुसते शांत बसत, असे त्यांनीच मला पुढे कधीतरी सांगितले. मागवाल्या माणसाला शांतता किती महाग असते, हे मला त्या दिवशी कळले.

त्यांच्याबरोबर आमच्याच गल्लीतले एक कन्नड भाषक विणकर असत. आप्पा मराठी वृत्तपत्र वाचत, ते कन्नड. परत येताना सायकली हातात धरून दोघे चालत येत आणि वाटेत एकमेकांना बातम्या सांगत. सीमाप्रश्नाची बातमी दोन्ही वृत्तपत्रांत वेगवेगळ्या तऱ्हेने आलेली असे, त्यामुळे वडगाव येईपर्यंत दोघांनाही दोन्ही बाजू कळलेल्या असत. शहरातले वातावरण तापलेले असतानाही त्यांचा हा क्रम मोडला नाही. दोन भाषांची माणसे शेजारीशेजारी बसून वाचतील आणि एकमेकांवर संशय घेणार नाहीत अशी जागा सीमाभागात किती मोलाची आहे, हे बाहेरच्या माणसाला सहज समजणार नाही.

माझे स्वतःचे सभासदत्व सहावीत सुरू झाले. सातवीत असताना, जुलै महिन्यात, एक पुस्तक माझ्या हातून भिजले. आपल्याकडचा जुलै कसा असतो हे सांगायला नको. छत्री होती, दप्तरावर प्लॅस्टिकही होते, तरी घरी पोहोचेपर्यंत पुस्तकाचा खालचा कोपरा पाणी पिऊन फुगला होता. दंडाच्या भीतीने मी दोन दिवस रडले आणि तिसऱ्या दिवशी ते घेऊन खिडकीपाशी उभी राहिले. तिथल्या काकांनी पुस्तक उघडून पाहिले, रद्दीतली कोरी बाजू असलेली काही पाने काढली आणि दर आठ-दहा पानांमागे एक याप्रमाणे ती आत कशी घालायची, ओली झाली की कशी बदलायची, वर पाटा ठेवून पुस्तक कसे दाबायचे, हे मला सगळे करून दाखवले. "उन्हात ठेवू नकोस, पाने वाकडी होतात," एवढे बजावून त्यांनी ते पुस्तक माझ्याकडेच परत दिले. दंड घेतला नाही. पंधरा दिवसांनी मी ते पोहोचते केले, तेव्हा त्यांनी आतल्या तारखेच्या चिठ्ठीवर शिक्का मारला आणि ते पुन्हा कपाटात लावले. त्यानंतर आजवर मी एकही पुस्तक निष्काळजीपणे हाताळलेले नाही.

हल्ली लोक विचारतात की सगळे मोबाईलवर मिळत असताना वाचनालय कशाला हवे. मोबाईलवर आपण जे मागतो ते मिळते, हे खरे आहे. पण काय मागावे हेच ज्याला माहीत नाही त्याचे काय करायचे? सातवीतल्या मुलीने एक प्रवासवर्णन परत केले की तिच्या हातात आत्मचरित्र ठेवावे, हे तिला ओळखणारा माणूसच करू शकतो. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे असे दोन नियम आहेत. देवघेवीच्या खिडकीमागे बसणारी माणसे अत्यल्प मानधनावर रोज हेच काम करतात, आणि त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

शिवाय टेबल, दिवा आणि शांतता मोबाईलमध्ये मिळत नाही. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे राहत असतील, तर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाने बसायचे कुठे? मुलीला तर घरात पुस्तक उघडले की कोणीतरी काम सांगतेच. निवृत्त माणसांना सकाळी निघून जायला एक हक्काचे ठिकाण लागते. दिवाळी अंकांच्या योजनेत थोडीशी रक्कम भरून फेब्रुवारीपर्यंत अंक वाचणाऱ्या गृहिणी मी दरवर्षी पाहते. ते सगळे अंक विकत घेणे त्यांच्यापैकी एकीलाही परवडले नसते.

मराठीविषयी मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. 1946 साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी या गावांत शेतकरी मंडळी आजही साहित्य संमेलने भरवतात, ग्रंथदिंडी काढतात. असे चित्र महाराष्ट्रातसुद्धा फार ठिकाणी दिसत नाही. पण संमेलनाचा मांडव दुसऱ्या दिवशी उतरतो. आपल्या मुलांपैकी कितीतरी आता इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकतात आणि त्यांना मराठी बोलता आली तरी सलग वाचता येत नाही. त्यांच्यासाठी वर्षभर उघडी असणारी जागा म्हणजे वाचनालयाचा बालविभाग. माझ्या मते तिथे कन्नडमधून मराठीत आणि मराठीतून कन्नडमध्ये आलेली पुस्तकेही भरपूर असावीत. आपली मुले दोन्ही भाषा ऐकत वाढतात, आणि हे त्यांचे भांडवल आहे.

आता पैशांविषयी. कर्नाटकात 1965 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर घेतला जातो. तुमच्या पावतीवर तो पाहा. तो सरकारी ग्रंथालयांच्या यंत्रणेसाठी असतो, आणि त्या ग्रंथालयांत मराठी पुस्तकांची मागणी नोंदवणे हा करदाते म्हणून आपला हक्क आहे. वर्गणीवर चालणाऱ्या जुन्या वाचनालयांचा संसार मात्र मुख्यतः सभासद आणि देणगीदार यांच्यावरच चालतो. एका कुटुंबाच्या हॉटेलच्या एका जेवणात वर्षाची वर्गणी सहज बसेल. ज्यांना वाचायला वेळ होत नाही त्यांनीही सभासद व्हावे, घरातल्या कोणाला तरी वेळ होईल.

शनिवारी संध्याकाळी मी भाचीला घेऊन वाचनालयात जाणार आहे. ती इंग्रजी माध्यमात चौथीत शिकते आणि मराठी जोडाक्षरांपाशी अडखळते. आप्पांचे जुने सभासदपत्र मी जपून ठेवले आहे, ते तिला दाखवायला बरोबर नेणार आहे. ज्यांना सभासद व्हायचे आहे, पण पहिल्यांदा एकट्याने जायला संकोच वाटतो, त्यांनी मला कळवावे. आपण बरोबर जाऊ.