‘पानी’ ऐकून चिडणाऱ्यांसाठी

भाषेतल्या चुकांवरचा एक मेसेज सारखा फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, म्हणून उच्चार सुधारा, लेखन आपोआप सुधारेल. ‘पानी’, ‘लोनी’ म्हणणारे भाषा बिघडवतात. आधीच्या पिढ्या शुद्ध लिहायच्या. आणि ‘मी त्याला बोललो’, ‘माझी मदत कर’ ही हिंदीची घाण आहे. शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीच्यांचं काही खरं नाही.

‘चार’ आणि ‘चारा’ मोठ्यानं म्हणून बघा. लिहायला च एकच, उच्चार दोन. थोडं या अर्थाचा ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ यांचंही तेच. ऱ्हस्व-दीर्घाचं नेमकं उलट: कागदावर फरक आहे, पण कानाला तो क्वचितच जाणवतो. ‘परीक्षा’ आणि ‘परिक्षा’ बहुतेकांच्या तोंडून सारखंच येतं. त्यामुळे ‘परिक्षा’ लिहिणाऱ्याचा उच्चार घोटून घेऊन काही होणार नाही. तो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलाय, हे त्याला ठाऊक हवं आणि मूळ रूप लक्षात हवं. शाळेत संस्कृत असलेल्यांना हे सोपं जातं, इतरांना घोकावं लागतं. अर्थच बदलतो तिथे मात्र सवलत नको. ‘कामगार दिन’ लिहिताना द दीर्घ झाला की कामगार बिचारा होतो.

आता ‘पानी’. मूळ संस्कृत शब्द ‘पानीय’, त्यात न आहे. प्राकृतात त्याचा ण झाला आणि प्रमाण मराठीनं तो ठेवला. ‘नवनीत’चं ‘लोणी’ झालं तेही असंच, ‘फल’चं ‘फळ’ही. म्हणजे बदल हाच बिघाड मानला तर पहिला आरोपी प्रमाण मराठीच. वऱ्हाडीत ‘काळा’चा ‘काया’ होतो. संस्कृत ‘काल’चा ‘काळा’ करून बसलेल्यांनी त्याला हसावं, हे गमतीचं आहे. परीक्षेत आणि सरकारी कागदावर ‘पाणी’च लिहावं, त्याबद्दल वाद नाही. पण बोलण्यातल्या न-वरून माणूस कुठला ते कळतं, त्याची अक्कल मोजता येत नाही.

आधीच्या पिढ्या ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’, ‘कवि’ लिहायच्या. तेव्हा ते बरोबर होतं. १९६२ साली साहित्य महामंडळाचे लेखननियम सरकारनं मान्य केले, उच्चारात नसलेले अनुस्वार गेले आणि ‘कवि’चा ‘कवी’ झाला. आजोबांचं पत्र आजच्या नियमांनी तपासलं तर पान लाल होईल.

राहिली ती ‘घाण’. ‘मदत’ हा शब्दच अरबी-फारसीतून आलेला, तेव्हा सोवळेपणाचा आव कशाला? तरीही ‘माझी मदत कर’ मलाही खटकतं, पण कारण वेगळं आहे. मराठीत ‘माझी मदत’ म्हणजे मी केलेली: ‘त्याला माझी मदत झाली.’ मला हवी असेल तर ‘मला मदत कर’. ‘बोललो’चंही तसंच. ‘साहेब मला बोलले’ म्हणजे साहेबांनी झापलं. ‘म्हणाले’च्या जागी सगळीकडे ‘बोलले’ आलं, की झापलं की नुसतं सांगितलं ते पुन्हा विचारावं लागतं.