दुखतंय म्हणजे बसतंय, असं नव्हे

'सुरुवातीचे काही दिवस डोकं ठणकणारच, मग सवय होते' हे हेअर एक्स्टेन्शन्सवरच्या (म्हणजे वरून जोडायच्या केसांवरच्या) लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. पार्लरमध्ये मलाही हेच ऐकवलं होतं. भावाच्या लग्नाआधी टेपवाली, म्हणजे केसांच्या मुळाशी पट्टीने चिकटवायची एक्स्टेन्शन्स लावून घेतली. रात्री कूस बदलता येईना, कानामागे बारीक पुळ्या आल्या, तरी दोन महिने कळ काढली (पैसे मोजले होते ना!). एक्स्टेन्शन्स काढली तेव्हा कानशिलाजवळचे केस विरळ झालेले. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी नाव सांगितलं, ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया. मुळं सतत ओढली गेल्याने होणारी गळती. ताण वेळीच काढला तर केस परत येतात, वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर मुळं कायमची जातात. म्हणजे ठणका ही सूचना आहे, सवय लावून घ्यायची गोष्ट नाही. लावल्या दिवशीच भुवया वर खेचल्यासारख्या वाटल्या तर तिथल्या तिथे सैल करून घ्या.

आणि तेलाचा उल्लेखच नाही! आपल्याकडे डोकं दुखलं की आधी खोबरेल थापतात. टेपच्या मुळाशी तेल गेलं की चिकटा सुटतो, पट्टी घसरते आणि आपलेच केस घेऊन खाली येते. माझी आजी गंगावन (वेणीत गुंफायचे खोटे केस) घालायची, पण सणासमारंभापुरतं. घरी आल्यावर लुगडं बदलायच्या आधी ते सोडून खुंटीला. आता मीही क्लिपवालीच वापरते, आणि झोपण्यापूर्वी काढते.